लाटेवर बातमी, तारेवर वीज

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याला सहा महिने व्हायच्या आत, ५ जानेवारी १९२८ ला, बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची (आजच्या पश्चिम रेल्वेची) विजेची गाडी कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत धावायला लागली. साष्टीच्या, म्हणजे मुंबईच्या उपनगरांतल्या, गावांना एका पाठोपाठ एक अशा दोन नवलाच्या गोष्टी मिळाल्या. एक कुठल्याही तारेवाचून घरात शिरत होती. दुसरी डोक्यावरच्या तांब्याच्या तारेला सोडायला तयार नव्हती.

दोन्ही एकाच कुळातल्या आणि दोन्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यामुळे प्रश्न पडतोच की गाणं जर हवेतून येतं, तर दिवा पेटवणारी वीज हवेतून का येऊ नये? खांब, तारा, मीटर, पावसाळ्यात शिडी घेऊन फिरणारा लाइनमन, हे लटांबर कशाला? आजही हा प्रश्न विचारला जातो आणि मोबाइलवर त्याचं तयार उत्तर फिरत असतं: आली असती हो, पण भांडवलदारांनी येऊ दिली नाही. या उत्तराची तपासणी करायला अमेरिकेत जायची गरज नाही. १९२५ ते १९३० या काळात मुंबईच्या उपनगरांत काय घडलं ते पाहिलं तरी पुरे. पण गोष्टीचा नायक अमेरिकेतला आहे, तेव्हा एक चक्कर तिकडे मारावीच लागेल.

निकोला टेस्ला हा काही स्वप्नाळू बैरागी नव्हता. प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे आपल्या घरातला एसी, व्यवहारात आणणाऱ्यांत तो पहिल्या रांगेतला. १८९६ साली नायगाराच्या धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली ती त्याच्या पद्धतीने. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजातल्या व्याख्यानात त्याने कुठेही तार न जोडलेल्या काचेच्या नळ्या उजळून दाखवल्या आणि सभागृह थक्क झालं. १८९९ मध्ये कोलोरॅडोच्या पठारावर त्याने कृत्रिम विजा पाडल्या. १९०१ मध्ये लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ इथे १८७ फूट उंच मनोरा बांधायला घेतला. पैसा जे. पी. मॉर्गन या सावकारांच्या सावकाराचा, दीड लाख डॉलर. मॉर्गनने तो दिला होता अटलांटिकपार बिनतारी संदेश धाडण्यासाठी. टेस्लाच्या मनात त्याहून मोठं होतं: सगळी पृथ्वीच विजेने थरथरती ठेवायची, आणि ज्याला हवी त्याने जमिनीत सळई खुपसून ती घ्यायची.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पाठवून दाखवला. मॉर्गनने पुढचा पैसा द्यायला नकार दिला. काम अडलं, कर्ज साठलं, आणि १९१७ मध्ये मनोरा पाडून त्याचं भंगार विकलं गेलं. मॉर्गनने म्हणे विचारलं होतं, ‘मीटर कुठे लावायचा?’ हे वाक्य जगभर सांगितलं जातं, पण मॉर्गनच्या कागदपत्रांत त्याला आधार नाही. शिवाय सांगणारे एक गोष्ट विसरतात. वॉर्डनक्लिफच्या विटांच्या इमारतीत बॉयलर होता आणि जनित्र होतं. म्हणजे तिथेही कोळसा जाळूनच वीज तयार व्हायची होती. टेस्ला वाहतुकीतली तार काढू पाहत होता. इंधन काढू पाहत नव्हता. बिनतारी आणि फुकट या दोन गोष्टी कधी एक झाल्या कोण जाणे, पण आपल्याकडे फुकट ते पौष्टिक मानायची रीत जुनी आहे.

टेस्लाचं नाव मराठी घरांत आणखी एका वाटेने आलं. १८९६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये त्याची आणि स्वामी विवेकानंदांची भेट झाली. जडद्रव्य आणि शक्ती ही शेवटी एकच आहेत हे गणिताने दाखवता येईल असं टेस्लाला वाटत होतं, आणि विवेकानंदांनी ते एका पत्रात उत्साहाने कळवलं. टेस्लाला ते दाखवता आलं नाही. एवढ्या धाग्यावर पुढे ‘आकाशतत्त्वातून फुकट वीज’ असं पुराण रचलं गेलं. भेट खरी, पत्र खरं, आणि पुराण मागाहूनचं.

लाट किती आणते आणि किती आणत नाही याचा सर्वांत बोलका दाखला भारतातच, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली मिळाला होता. जगदीशचंद्र बसूंनी एका खोलीतून विद्युतचुंबकीय लाटा सोडल्या. भिंती ओलांडून त्या पलीकडच्या खोलीत गेल्या आणि तिथे घंटा वाजली, बंदुकीच्या दारूचा बार उडाला. बिनतारी शक्तीने स्फोट घडवला असं वर्णन आजही वाचायला मिळतं. प्रत्यक्षात लाटेने तिथल्या एका नाजूक उपकरणाला फक्त चिमटा काढला. त्या चिमट्याने शेजारच्या बॅटरीचं मंडल जुळलं, आणि घंटा वाजवायची ताकद त्या बॅटरीची होती. लाट निरोप घेऊन गेली होती, कामाला लागणारं बळ आधीपासून पलीकडच्या खोलीत हजर होतं. बसूंना हा फरक पक्का ठाऊक होता, बघ्यांना नव्हता.

आता घाटमाथ्याकडे वळू. तिथे पाऊस किती पडतो हे जुलैत लोणावळ्याला गेलेल्या कुणाला सांगायला नको. हे पाणी अडवून कोकणाच्या बाजूला सोडलं तर मुंबईच्या गिरण्यांना पुरेल एवढी वीज निघेल, ही कल्पना मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी धरून ठेवली होती. जमशेटजी टाटांनी ती उचलली. ते १९०४ मध्ये वारले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, आणि ८ फेब्रुवारी १९११ ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला धरणाचा पाया घातला. वळवण, लोणावळा आणि शिरवता अशी तीन तळी झाली. त्यांचं पाणी नळांतून सव्वापाचशे मीटर खाली खोपोलीला कोसळायचं आणि चाकं फिरवायचं. १९१५ मध्ये वीज मुंबईला पोचली.

पोचली कशी, ही या कथेतली कळीची जागा. खोपोली ते परळ अंतर ४३ मैल. तारेतून प्रवाह गेला की तार तापते, आणि हे तापणं प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. समजा १ मेगावॅट वीज ५०० व्होल्टवर पाठवली, तर प्रवाह २,००० अँपिअर लागेल. तीच १ लाख व्होल्टवर पाठवली तर १० अँपिअर. प्रवाह दोनशेपट कमी झाला, म्हणजे त्याच तारेतलं नुकसान चाळीस हजारपट घटलं. टाटांच्या इंजिनियरांनी १ लाख व्होल्टची लाइन टाकली ती एवढ्यासाठी. दाब असा वाढवणं आणि मुक्कामी उतरवणं ट्रान्सफॉर्मरने जमतं, आणि ट्रान्सफॉर्मर एसीवरच चालतो. म्हणजे टेस्ला मुंबईला आलाच होता. वॉर्डनक्लिफचा मनोरा पडला तेव्हा त्याच्या एसीवर मुंबईच्या गिरण्या चालू होऊन दोन वर्षं झाली होती.

खोपोलीनंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजघरं आली. भिऱ्याचं पाणी मुळशीचं, आणि मुळशी म्हटलं की फक्त किलोवॅट मोजून चालत नाही. मुळशी पेट्यातली सुमारे ५२ गावं या धरणापायी उठणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, आणि बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. लढा हरला. धरण झालं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. आज कुणी ‘स्वच्छ आणि फुकट जलविद्युत’ असे शब्द जोडीने वापरले की मला मुळशी आठवते. तारेतून आलेल्या विजेला उगम असतो, आणि उगमाशी कुणीतरी राहत असतं.

या विजेचं मोठं गिऱ्हाईक म्हणून गिरण्यांच्या जोडीला रेल्वे आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या उपस्थितीत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गाने, देशातली पहिली विजेची गाडी सुटली. पुढच्या वर्षी मुख्य मार्गावर घाटकोपर, मुलुंड, ठाणं मागे टाकत तारा कल्याणला पोचल्या. पश्चिमेला बोरिवलीची पाळी १९२८ च्या जानेवारीत आली. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दोन्ही रेल्वेंनी पद्धत एकच घेतली: १,५०० व्होल्ट, एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी. घाटावरून आलेला एसी कुर्ल्यासारख्या ठिकाणच्या उपकेंद्रांत मोठमोठ्या फिरत्या यंत्रांतून डीसी करून तारेत सोडला जायचा. (गंमत म्हणून सांगतो: १९२८ मध्येच अंधेरी ते ट्रॉम्बे अशी एक आडवी रेल्वेही सुरू झाली, साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे. ती वाफेवर चालली आणि १९३४ मध्ये बंद पडली. पूर्व-पश्चिम जोडणारी पुढची गाडी, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, ८ जून २०१४ ला आली, आणि ती २५,००० व्होल्टच्या तारेखालून धावते.)

गाडीच्या डोक्यावर तार एकच दिसते, मग दुसरी कुठे आहे? मंडल पूर्ण झाल्याशिवाय वीज वाहत नाही हे शाळेत शिकवतात आणि लोकलमध्ये चढल्यावर आपण विसरतो. वीज वरच्या तारेतून पेंटोग्राफने घेतली जाते, मोटारींतून फिरते, चाकांतून रुळांत उतरते आणि रुळांवाटे उपकेंद्राला परत जाते. दुसरी तार म्हणजे रूळच. गाडी ‘वीज खाते’ असं आपण म्हणतो, पण जेवढा प्रवाह आत गेला तेवढाच बाहेर पडतो. गाडीने घेतलेली असते ती ऊर्जा. प्रवाहाचा थेंबही तिने ठेवून घेतलेला नसतो.

हीच गोष्ट पाण्याची. वीज काढून घेतल्यावर पाण्यातला कस जातो, ते पिकाला लागत नाही, हा समज धरणं झाली त्या त्या मुलखात फार वर्षं ऐकू यायचा. हसण्याआधी हिशेब करावा. पाण्याने दिलं काय, तर उंची. एक घनमीटर, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी, खोपोलीचा सव्वापाचशे मीटरचा उतार उतरतं तेव्हा यंत्रांची घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज देतं. चाळीस वॅटचा दिवा तीस तास चालेल, एवढीच. पाण्याचा थेंब कमी होत नाही, त्यातले क्षार जात नाहीत. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीत जातं आणि तीच नदी खालच्या शहरांची तहान भागवते. भिऱ्याचं कुंडलिकेत जातं, आणि कोलाडला राफ्टिंग करणाऱ्या मंडळींच्या रबरी होड्या त्याच ‘कस गेलेल्या’ पाण्यावर उड्या मारतात. तक्रार करायचीच तर दुसरी आहे आणि ती खरी आहे: भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात पूर्वेला वाहायचं पाणी पश्चिमेला वळलं. तो वाद पाणीवाटपाचा आहे, कसाचा नाही.

इकडे रेडिओ. मुंबईला बिनतारी गाण्याची चटक आधीच लागली होती. १९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या कचेरीतून, टपाल-तार खात्याच्या मदतीने, संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. १९२३ पासून मुंबईचा रेडिओ क्लब हौशी प्रक्षेपण करत होता. १९२७ मध्ये आलेल्या कंपनीचं यंत्र दीड किलोवॅटचं होतं, म्हणजे आजच्या एका एअर कंडिशनरएवढं. त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे ३० मैल. बोरिवली-मुलुंड त्यात आरामात बसत, कल्याण जेमतेम काठावर.

उपनगरात तेव्हा बहुतेक घरांत रॉकेलचे कंदील होते, तरी रेडिओ ऐकता येत असे. याचं कारण क्रिस्टल सेट. एका पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळायची. गच्चीवर किंवा दोन माडांमध्ये लांब तार ताणून तिचं एरियल करायचं. गुंडाळीचं दुसरं टोक नळाच्या पाइपला बांधायचं, ती अर्थ. मधे गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, वाटाण्याएवढा खडा. त्या खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवायचं आणि कानाला हेडफोन लावून जागा शोधत बसायचं. केसाएवढं इकडेतिकडे झालं तर नुसती शांतता, आणि नेमका ठिपका सापडला की लांबून आल्यासारखा गाणाऱ्याचा आवाज. कुणी दार आपटलं की टोक हलायचं आणि शोध पहिल्यापासून. गॅलेनाचा असा वापर करणाऱ्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं होतं ते जगदीशचंद्र बसूंनाच.

या सेटला बॅटरी नसे. हेडफोनचा पडदा हलवायला लागणारी ऊर्जा थेट लाटेतूनच यायची. म्हणजे बिनतारी वीजपुरवठा हा शब्दशः त्या काळी उपनगरात चालू होता! टेस्लाच्या भक्तांना हे उदाहरण सुचत नाही याचं मला नवल वाटतं. सुचलं तरी पुढचा हिशेब त्यांना आवडणार नाही.

दीड किलोवॅटचं यंत्र शहरात आहे आणि ऐकणारा ३० किलोमीटरवर बोरिवलीला आहे असं धरू. लाट सगळीकडे पसरते, जमिनीवरच्या अर्ध्या गोलात. तेवढ्या अंतरावर या अर्धगोलाचं पृष्ठफळ होतं साडेपाचशे कोटी चौरस मीटरांहून अधिक. दीड हजार वॅट त्यावर वाटले तर दर चौरस मीटरला येतो एक चतुर्थांश मायक्रोवॅट. हिशेब ढोबळ आहे, पण आकड्याची जात कळायला पुरेसा. कान हे विलक्षण काटकसरी इंद्रिय आहे. मायक्रोवॅटचा अंशही हेडफोनमधून त्याला ऐकू जातो, आणि लांब एरियल त्याहून मोठ्या पसाऱ्यातून वेचून आणतं. पण त्याच लाटेवर चाळीस वॅटचा एक दिवा लावायचा म्हटला तर सुमारे १५० चौरस किलोमीटरवर पडणारी सगळी ऊर्जा गोळा करावी लागेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. दीड अभयारण्यभर जाळं पसरायचं आणि एक दिवा लावायचा. तोही मुंबई केंद्राने इतर कुणाला काही न देता!

आणि मीटर? मॉर्गनच्या तोंडी घातलेला तो प्रश्न मुंबईत मात्र अगदी खराखुरा उभा राहिला. रेडिओ कंपनीची मदार परवान्यांवर होती. वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीचे. पण लाट कुणाच्या छपरावर पडली याची नोंद कुठेच होत नाही. पुठ्ठ्याची नळी आणि खडा घरी जमवणाऱ्याला कोण पकडणार? परवाने काही हजारांपलीकडे गेले नाहीत, फुकट ऐकणारे किती ते परमेश्वराला माहीत. जेमतेम ६ लाखांचं भांडवल, दोन मोठ्या शहरांतली केंद्रं आणि आटलेली मिळकत. १ मार्च १९३० ला कंपनी दिवाळ्यात निघाली. सरकारने ती हाती घेतली आणि १९३६ मध्ये तिची ऑल इंडिया रेडिओ झाली. परवान्याची पद्धत पुढे अनेक दशकं चालली. टपाल कचेरीत रेडिओच्या परवान्याचं पुस्तक घेऊन उभे राहिलेले लोक अजून हयात आहेत.

रेडिओ कंपनी गटांगळ्या खात होती त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९२९ ला, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. उपनगरवासी तिला पुढची सत्तर वर्षं नुसतं ‘बीएसईएस’ म्हणत आले. तिने खांब रोवले, तारा ओढल्या, प्रत्येक दारात मीटर लावला. कल्पनेत नावीन्य शून्य. टेस्लाला हे काम शिळं वाटलं असतं. पण टाटांकडून घेतलेली वीज बांद्र्याच्या पुढे घरोघर जायला लागली, वसाहती वाढल्या, आणि कंपनी टिकली. २००३ मध्ये ती रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. मुलुंड-भांडुपचं बिल मात्र महावितरणचं येतं, आणि घाटकोपरची सून मुलुंडला माहेरी गेली की दोन्ही घरांच्या बिलांची तुलना होतेच.

लाटेतून वीज काढता येते याचे पुरावे आजही उपनगरांत मिळतात, म्हणून गैरसमज तगून आहे. मालाडला मार्वे रस्त्याकडे आकाशवाणीचं मध्यमलहरींचं केंद्र आहे. असल्या केंद्राच्या मास्टखाली, किंवा भांडुप-मुलुंडच्या डोंगराकडेने जाणाऱ्या अतिउच्च दाबाच्या लाइनीखाली, रात्री नुसती ट्यूबलाइट हातात धरली तर ती मंद उजळते. (करून पाहू नये, रखवालदार वीजशास्त्र ऐकून घेत नाहीत आणि लाइन चुकांना माफ करत नाही.) व्हिडिओत हे ‘फुकट वीज’ म्हणून दाखवतात. पण नळीतला तो मिणमिणाट प्रक्षेपण केंद्राच्या किंवा वीजकंपनीच्या खात्यातूनच गेलेला असतो. आणि मास्टपासून चार पावलं मागे सरकलं की तो विझतो.

जवळ असलं तरच जमतं, हा बिनतारी विजेचा जुना स्वभाव अजून गेलेला नाही. मोबाइल चकतीवर ठेवून चार्ज होतो कारण मधे काही मिलिमीटरच असतात. तो ट्रान्सफॉर्मरच आहे, मधला लोखंडी गाभा काढून टाकलेला. २००७ मध्ये एमआयटीत दोन मीटरवरून ६० वॅटचा दिवा पेटवला तेव्हा सुमारे ४० टक्के ऊर्जा पोचली. लांब पल्ल्याचा नामांकित प्रयोग १९७५ चा, कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनचा: २६ मीटर व्यासाच्या अँटेनाने मायक्रोलहरींचा झोत दीड किलोमीटरवर टाकला आणि पलीकडे ३० किलोवॅटहून जास्त वीज मिळाली. सोडले होते सुमारे ४५० किलोवॅट. अंतराळात, जिथे तार ओढताच येत नाही, तिथे हा तोटा सोसण्याचा विचार होऊ शकतो. घाटकोपरला त्याची गरज नाही.

तारेच्या बाजूचा एक गैरसमज मात्र जीव घेतो. तारेला हात लावला तरच शॉक बसतो, असं मुंबईकर मानत आला. लोकलच्या टपावर बसून जाणारी मुलं याच विश्वासावर जायची. १,५०० व्होल्टची तारही प्राणघातकच होती, पण ती बहुधा स्पर्शाची वाट पाहायची. गाड्या वाढल्या तशी ती पद्धत पुरी पडेना. ३ मेगावॅट खेचणाऱ्या एका लोकलला १,५०० व्होल्टवर २,००० अँपिअर लागतात, तारा तापतात, दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागतं. २५,००० व्होल्टवर तीच गाडी १२० अँपिअरमध्ये भागवते. १९१५ मध्ये खोपोलीला जे गणित मांडलं तेच शंभर वर्षांनी रुळांवर आलं. पश्चिम रेल्वेचं रूपांतर २०१२ मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये, आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये, १९२५ ला पहिली जिथे पोचली होती त्याच कुर्ल्याहून सुटली. नव्या तारेजवळ डोकं नेलं तरी ठिणगी हवेतून उडी मारून गाठते. ‘दोन मीटरच्या आत येऊ नका’ ही रेल्वेची पाटी त्यासाठी आहे. बिनतारी वीज अंगावर येते ती अशी.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याची वीज गेली. कोरोनाचे दिवस होते, लोकलमध्ये अत्यावश्यक सेवेतली माणसं होती, ती रुळांवर उतरून चालायला लागली. पडघा-कळवा या ४०० किलोव्होल्टच्या दुहेरी मार्गातली एक लाइन दुरुस्तीसाठी आधीच बंद होती, त्यात दुसरी बसली. मग बाकीच्या लाइनींवर बोजा पडून एकेक तुटत गेली. अशा वेळी बाहेरचं जाळं तोडून मुंबईपुरतं बेट करायची योजना १९८१ पासून होती. त्या दिवशी ती चालली नाही. अनेकांनी विचारलं, देशात वीज भरपूर आहे म्हणतात, मग मुंबईत का नाही? ग्रिड म्हणजे वीज साठवलेला हौद, अशी कल्पना या प्रश्नामागे असते. ग्रिडमध्ये साठा जवळपास नसतोच. ज्या क्षणी दिवा लागतो त्या क्षणीच कुठेतरी चाकाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो, आणि मधली तार शाबूत असावी लागते. चंद्रपूरला वीज असून उपयोग काय, ठाण्याच्या खाडीवर वाट बंद असेल तर? त्या दिवशी वीजपुरवठा पुन्हा रुळावर यायला घाटातल्या जलविद्युत संचांचाही हात लागला.

म्हणून मग नव्या तारा. खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची लाइन २०२३ मध्ये सुरू झाली. दुसरा मार्ग वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून गोरेगावच्या आरे कॉलनीपर्यंत आखलेला, १,००० मेगावॅटचा, ८० किलोमीटर लांबीचा. त्यातले सुमारे ३० किलोमीटर डोक्यावरून आणि ५० जमिनीखालून. वसईच्या खाडीपाशी खारफुटी तोडण्यासाठी त्याला न्यायालयात जाऊन परवानगी मिळवावी लागली. आणि तो एसी नाही, डीसी आहे. जमिनीखालची केबल एसीवर लांब अंतर नेली तर तिला स्वतःलाच दर सेकंदाला शंभर वेळा भरून रिकामं करण्यात बराच प्रवाह खर्ची पडतो. डीसीत ती एकदा भरली की भरली. रेल्वेने नुकताच सोडलेला डीसी असा दोनशेपट दाबाने, जमिनीखालून, परत उपनगरात येतोय. आरेला तो इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या कपाटांतून पुन्हा एसी व्हायचा आणि तिथून गोरेगाव-अंधेरीच्या ट्रान्सफॉर्मरांत शिरायचा.